मान, मणका आणि धीर

मराठी भाषेने मानेला मोठा मान दिला आहे. होकार द्यावयाचा तो मान डोलावून, नकार द्यावयाचा तोही मान हलवूनच. पराक्रम केला की मान ताठ होते, लाज वाटली की मान खाली जाते. शरण गेलेला मनुष्य मान तुकवितो आणि कष्टाळू मनुष्य मान मोडून काम करितो. परंतु ज्या अवयवाच्या आधाराने भाषेने एवढा संसार थाटला, त्याच्याकडे त्याचा धनी सहसा ढुंकूनही पाहत नाही. आपल्याला मान आहे हे मनुष्याला समजते ते ती दुखू लागल्यावर. आणि एकदा ती दुखू लागली, म्हणजे मानेवाचून जगात दुसरे काही उरतच नाही.

नागपुरातील एखादे शिक्षक डोळ्यांपुढे आणावे. व्यक्ती कल्पनेतली, परंतु तिचा अनुभव पुष्कळ घरांना ओळखीचा वाटेल असा आहे. वय पंचेचाळिसाच्या आसपास, नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात, बिऱ्हाड महालातील एका जुन्या घरात. चैत्राचे दिवस, बारावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढ्यात. बैठ्या मेजावर वाकून तासचे तास तपासणी चालावयाची, आणि मध्ये विसावा म्हणून मोबाइल हाती घ्यावयाचा, तोही मान खाली घालूनच. पारा चाळिशीपलीकडे गेलेला, म्हणून रात्री कूलर थेट उशाशी. एके दिवशी सकाळी ते उठले ते वाकडी मान घेऊनच.

“अहो, कूलरचा वारा लागला असेल. दोन दिवसांत सुटेल,” असे म्हणून पत्नीने तेल कोमट करून आणले.

दोन दिवसांनी मान थोडी सुटलीही. परंतु मानेतली कळ उजव्या खांद्यामागून दंडात उतरली, दंडातून कोपराच्या बाहेरच्या अंगाने खाली गेली आणि अंगठा व तर्जनी बधिर झाली. खडू हाती धरावा तर बोटांना खडू कळेना. रात्री आडवे होणे अशक्य झाले. खुर्चीत बसून उजवा हात डोक्यावर ठेवला, म्हणजे तेवढा घटकाभर आराम पडे. मग तपासणी झाली, एम. आर. आय. झाला आणि अहवालात आले की पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील गादी सरकून नस दबली आहे.

त्या एका वाक्याने घरात दोन पक्ष पडले. थोरले बंधू म्हणू लागले, “नस दबली आहे तर ताबडतोब ऑपरेशन करून टाक, उशीर झाला तर हात लुळा पडेल.” मेहुण्यांचा आग्रह याच्या अगदी उलट: “मानेला सुरी लावू देऊ नका, भाऊजी. मानेचे ऑपरेशन म्हणजे जन्माचे अंथरूण.” दोघांच्याही बोलण्यात माया होती आणि दोघांच्याही बोलण्यात भीती होती. ज्ञान तेवढे नव्हते. ते ज्ञान म्हणजे काय, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय होय.

मानेत मणके सात. पहिल्या दोहोंमध्ये गादी नसते. तेथून पुढे मात्र प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. या गादीच्या भोवती चिवट तंतूंचे कडे असते आणि आत पाणीदार, लिबलिबीत गर असतो. कड्याच्या बळाने आणि गराच्या लवचीकपणाने ती डोक्याचा भार सोसते. हा भार काही थोडाथोडका नाही. प्रौढ मनुष्याचे डोके सुमारे साडेचार ते पाच किलोग्रॅम भरते. डोके खांद्यांच्या वर सरळ तोललेले असले म्हणजे मानेला तेवढेच ओझे. ते पुढे झुकले की तराजूचा दांडा लांब होतो आणि मानेच्या मागील स्नायूंना व मधल्या गाद्यांना कितीतरी अधिक ताण पेलावा लागतो. न्यूयॉर्क येथील एका शल्यवैद्याने २०१४ साली गणिताने असा हिशेब मांडला की मान साठ अंश खाली झुकली असता तिच्यावरील भार सुमारे २७ किलोग्रॅमांइतका होतो. हा कागदावरील हिशेब आहे, जिवंत माणसाच्या मानेत घेतलेले माप नव्हे; तरी ताण कोणत्या दिशेने वाढतो हे त्यावरून ध्यानात यावे.

वय वाढत जाते तसतसे गादीतले पाणी आटते आणि कड्याला बारीक चिरा पडतात. एखाद्या दिवशी अशा चिरेतून आतला गर मागच्या किंवा बाजूच्या अंगाने बाहेर येतो. तेथेच मज्जारज्जूपासून निघालेल्या मज्जातंतूंची वाट असते. या मज्जातंतूंनाच लोक व्यवहारात नस म्हणतात. मानेतून त्यांच्या आठ जोड्या निघतात आणि त्यांतील खालच्या जोड्या हातात उतरतात. प्रत्येकीचा मुलूख ठरलेला आहे. पाचव्या व सहाव्या मणक्यांमधून जाणारी नस अंगठ्याकडे जाते, तिच्या खालची मधल्या बोटाकडे, आणि तिच्याही खालची करंगळीकडे. म्हणून जाणता वैद्य रोग्याला प्रथम बोटे विचारतो. टपालावरील पत्ता पाहून गाव ओळखावे, तसे बधिर बोट पाहून मानेतले ठिकाण ओळखता येते. शिक्षकांचा अंगठा बधिर झाला होता. पत्ता बरोबर जुळत होता. हात डोक्यावर ठेवल्याने मिळणारा आरामही याच निदानाला साक्ष देतो, कारण त्या स्थितीत नसेवरील ताण सैल पडतो.

‘मणक्यात गॅप पडली’ असा एक शब्दप्रयोग महाराष्ट्रात रूढ झाला आहे. तो ऐकणाऱ्याच्या मनात हाडे सुटी होऊन मध्ये पोकळी पडल्याचे चित्र उभे राहते आणि तो घाबरतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गादी झिजली म्हणजे दोन मणक्यांमधील अंतर वाढत नाही, कमी होते. कूलरचा वाराही गादी सरकवीत नाही. गार वाऱ्याने स्नायू आखडून मान धरेल, इतकेच. रोगाचे नावच चुकले म्हणजे भीतीही चुकीच्या जागी बसते.

हे दुखणे आजचे नव्हे. सुश्रुतसंहितेत मान ताठून बसण्याच्या विकाराला मन्यास्तंभ म्हटले आहे, आणि त्याच्या कारणांत बसण्या-उठण्याच्या वाकड्या रीतीचा व मान वर करून पाहत राहण्याचा समावेश केला आहे. दंडापासून बोटांपर्यंत जाऊन हाताचे काम बंद पाडणाऱ्या विकाराला तेथे विश्वाची असे नाव आहे. मोबाइल नव्हता, उत्तरपत्रिका नव्हत्या. पण मान होती आणि ती वाकडी ठेवणारी माणसेही होती.

सरकलेली गादी हेच या कळेचे मूळ असू शकते, ही गोष्ट मात्र आधुनिक वैद्यकाला १९३४ साली पटली. अमेरिकेतील बोस्टन शहरातील मिक्स्टर व बार या दोन वैद्यांनी त्या वर्षी कमरेच्या गादीसंबंधी निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंत शस्त्रक्रियेत सापडणारे हे तुकडे म्हणजे कूर्चेच्या गाठी होत, असे पुष्कळ शल्यवैद्य समजत. पुढे १९४४ साली स्पर्लिंग व स्कोव्हिल यांनी मानेतील गादीचे असेच वर्णन केले. १९५८ साली मानेच्या पुढच्या अंगाने जाऊन गादी काढण्याची रीत प्रसिद्ध झाली. ती आजही प्रचारात आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली निघाले, ते या नव्या ज्ञानाच्या ऐन उमेदीच्या काळात. त्या काळाचे तर्कशास्त्र सोपे होते: तुकडा सापडला, तो नसेवर बसला आहे, तर तो काढावा म्हणजे दुखणे गेले. तर्क निर्दोष दिसतो. परंतु शरीर हे तर्कापेक्षा थोडे अधिक जाणते, हे पुढील अर्धशतकात कळून आले.

अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात रॉचेस्टर म्हणून एक गाव आहे. तेथील रहिवाशांच्या आजारांची नोंद वर्षानुवर्षे काळजीपूर्वक ठेवलेली आहे. १९७६ पासून १९९० पर्यंत मानेतील नस दुखावलेल्या ५६१ रोग्यांचा वृत्तांत त्या नोंदींतून काढून १९९४ साली प्रसिद्ध करण्यात आला. त्यांपैकी शस्त्रक्रिया करावी लागली ती सुमारे शंभरात २६ जणांवर. आणि अखेरच्या तपासणीच्या वेळी, शस्त्रक्रिया झालेले व न झालेले सर्व मिळून, शंभरात ९० जणांना एक तर काहीच त्रास नव्हता, किंवा असलाच तर तो किरकोळ होता. १९९६ साली अमेरिकेतच गादी सरकून नस दबलेल्या २६ रोग्यांना पद्धतशीर रीतीने शस्त्रक्रियेवाचून उपचार देण्यात आले. त्यांतील २४ जणांना शस्त्राची गरज पडली नाही. संख्या लहान आहे, पण तिचा रोख स्पष्ट आहे.

स्वीडनमध्ये याहून कसोटीचा प्रयोग झाला. तीन महिन्यांहून अधिक काळ मान व हात दुखत असलेल्या ८१ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट करण्यात आले: एकाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला मानेचा पट्टा. १९९७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या तीन-चार महिन्यांत शस्त्रक्रियेच्या गटातील वेदना अधिक कमी झाली होती. वर्षअखेर मात्र तिन्ही गट जवळजवळ एका पातळीवर आले. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा नाही. ती लवकर आराम देते, हे तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. अर्थ एवढाच की ज्याला वाट पाहता येते, त्याला कालही बरे करितो.

काल म्हणजे नेमके कोण? येथे शरीराची कारागिरी पाहण्यासारखी आहे. गादीच्या आतल्या गराला रक्तवाहिन्या नसतात. जन्मापासून तो जणू पडद्याआड राहतो. तो चिरेतून बाहेर आला म्हणजे शरीर त्याला परका समजते. त्याच्याभोवती दाह सुरू होतो. पहिल्या आठवड्यांतील असह्य कळ केवळ दाबामुळे नसते, या दाहामुळेही असते. म्हणून दाह ओसरला की तुकडा जागेवर असूनही कळ पुष्कळ कमी होते. आणि हाच दाह पुढे उपकारक ठरतो. त्याच्याबरोबर नव्या बारीक रक्तवाहिन्या त्या तुकड्यापर्यंत पोहोचतात, रक्तातील भक्षक पेशी तेथे येतात आणि बाहेर पडलेला गर हळूहळू खाऊन टाकितात. काही महिन्यांनी पुन्हा छायाचित्र काढले असता तुकडा लहान झालेला, क्वचित नाहीसाही झालेला आढळतो. विशेष आश्चर्य असे की कडे पूर्ण फोडून बाहेर आलेला मोठा तुकडा पुष्कळदा लहान फुगवट्यापेक्षा अधिक जिरतो, कारण तो रक्ताच्या अधिक आटोक्यात येतो. अहवालातील तुकडा मोठा म्हणून आशा लहान, असे गणित येथे चालत नाही.

अहवालाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एम. आर. आय. हे अप्रतिम साधन आहे, परंतु ते दुखणे दाखवीत नाही, आकार दाखविते. १९९० साली, मानेचा कसलाही त्रास नसलेल्या ६३ माणसांची अशी छायाचित्रे काढली असता चाळिशीच्या आतील शंभरात १४ आणि चाळिशीपुढील शंभरात २८ जणांच्या मानेत दोष दिसून आला. जपानमध्ये १,२११ निरोगी माणसे तपासण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतात शंभरात सुमारे ८८ जणांच्या मानेतील गादी फुगलेली आढळली. ही माणसे आपापल्या कामावर जात होती आणि सुखाने झोपत होती. म्हणून उपचार करावयाचा तो माणसावर, छायाचित्रावर नव्हे. बधिर बोट, अशक्त स्नायू आणि छायाचित्रातील तुकडा या तिन्ही गोष्टी एकाच नसेकडे बोट दाखवितील, तेव्हाच त्या तुकड्याला दोषी ठरवावे.

आता ‘धीर’ म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. त्याचाही एक क्रम आहे. पहिले दोन-तीन आठवडे वेदनेचे. वैद्याने दिलेली वेदनाशामक औषधे या काळात घ्यावीत. सोसण्यात पुण्य नाही, कारण झोप नसलेले शरीर बरे व्हावयास वेळ लाविते. मात्र नागपूरच्या उन्हाळ्यात एक जपावे लागते. यांपैकी बरीच औषधे जठराला व मूत्रपिंडांना जड असतात; घामाने अंगातले पाणी आटलेले असताना ती मनाने घेत राहिल्यास मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका असतो. म्हणून ती वैद्याच्या सांगण्याप्रमाणे, ठराविक दिवसच आणि पाणी भरपूर पिऊन घ्यावीत. उशी एकच असावी, मानेच्या पोकळीला आधार देणारी. पालथे झोपू नये, कारण त्यात मान रात्रभर एका अंगाला पिळलेली राहते. मानेचा पट्टा सुरुवातीस काही आठवडे उपयोगी पडतो. हॉलंडमध्ये २०५ नव्या रोग्यांवर केलेल्या प्रयोगात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, पट्टा व विश्रांती किंवा फिजिओथेरपी यांमुळे पहिल्या सहा आठवड्यांत वेदना नुसत्या वाट पाहण्यापेक्षा लवकर कमी झाली; सहा महिन्यांनी मात्र तिन्ही गटांत फरक राहिला नाही. परंतु पट्टा हा पाहुणा आहे, त्याला घरजावई करू नये. महिनोन्महिने वापरल्यास मानेचे स्नायू आळशी होतात.

कळ ओसरू लागली की दुसरी पायरी व्यायामाची. नागपुरात त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मेडिकल व मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत अस्थिरोगाचे विभाग आहेत, २०१८ साली सुरू झालेले एम्स मिहान भागात आहे, आणि धंतोली-रामदासपेठेत तर खाजगी दवाखान्यांची रांगच आहे. व्यायाम दिसावयास अगदी साधे असतात. सरळ बसून हनुवटी किंचित आत ओढावयाची, जणू कोणी डोक्याला मागून अलगद धरले आहे. काही क्षण थांबून सैल सोडावयाचे. खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ आणावयाची. तळहाताने कपाळावर दाब द्यावयाचा आणि मान न हलविता त्या दाबाला तोंड द्यावयाचे. नियम एकच: कळ बोटांकडून मानेकडे परत येऊ लागली तर वाट बरोबर आहे, कळ मानेकडून बोटांकडे उतरू लागली तर तो व्यायाम थांबवून शिकविणाऱ्याला विचारावे. मानेला वजन लावण्याने काहींना आराम पडतो, काहींना पडत नाही. त्याविषयी प्रयोगांचे एकमत नाही. रोजचे चालणे मात्र जवळजवळ सर्वांना मानवते, आणि सकाळी फुटाळ्याच्या काठाने किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडीतून चालावयाचे असेल तर त्याला औषध म्हणावयाचेही कारण नाही.

याच सुमारास रोग्याची परीक्षा होते, कारण सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी जुनी कळ पुन्हा डोके वर काढिते. आमच्या शिक्षकांच्या बाबतीत तसेच झाले असे समजावे. ज्येष्ठात, सुट्टी संपत आली तेव्हा, एका संध्याकाळी ते केस कापावयास बसले. काम आटोपल्यावर कारागीर आपुलकीने म्हणाला, “सर, मान फारच आखडली दिसते. एक झटका देतो, पाहा कशी मोकळी होते.” दोन्ही हात हनुवटीला व डोक्याला लागले. त्या क्षणी शिक्षकांना वैद्याचे शब्द आठवले आणि त्यांनी तो हात धरला. ते वाचले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रोहिण्या असतात. जोराच्या झटक्याने त्यांचे आतले अस्तर फाटून मेंदूला रक्त कमी पडल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत; आणि आधीच फुटलेल्या गादीला असा झटका म्हणजे भेगाळलेल्या भिंतीवर घण. केशकर्तनालयात मान मोडून घेण्याची हौस पुष्कळांना असते. ती हौस सोडावी.

धीर धरावयाचा, पण डोळे उघडे ठेवून. काही लक्षणे अशी आहेत की ती दिसताच वाट पाहणे हा धीर राहत नाही, हलगर्जीपणा होतो. हाताची शक्ती दिवसेंदिवस कमी होत जाणे, हे पहिले. सदऱ्याची गुंडी लावता न येणे, अक्षर बिघडणे, चालताना पाय अडखळणे किंवा तोल जाणे, हे दुसरे. यात नुसती नस नव्हे, मज्जारज्जूच दबलेला असण्याचा संभव असतो. लघवी-शौचावरील ताबा जाणे, हे तिसरे. यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी तज्ज्ञाकडे गेले पाहिजे. येथे शस्त्रक्रिया हा शत्रू नसून त्राता असतो, आणि उशीर झाल्यास गेलेली शक्ती परत येईलच असा भरवसा राहत नाही. ताप, वजन घटणे व रात्री वाढणारे दुखणे यांची जोड असेल तर क्षयासारखा दुसरा रोग मणक्यात नाही ना, हे पाहावे लागते. आपल्या देशात ही शंका कधीही मागे टाकू नये. आणि डाव्या हातातील कळेबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर मानेचा विचार बाजूला ठेवून प्रथम हृदयाची तपासणी करावी.

ही लक्षणे नसताना सहा ते बारा आठवडे नेटाने उपचार करूनही कळ जगू देत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करण्यात पराभव नाही. ती आज अनुभवी हातांत पुष्कळ सुरक्षित झाली आहे, आणि ‘जन्माचे अंथरूण’ ही मेहुण्यांची भीती निराधार आहे. तशीच ‘ताबडतोब नाही केले तर हात गेला’ ही थोरल्या बंधूंची भीतीही बहुतेकांच्या बाबतीत निराधार आहे. दोन्ही भीतींच्या मधून एक सरळ वाट जाते. तिचे नाव पहारा ठेवून धरलेला धीर.

किती दिवसांचा धीर? अनेक अभ्यास एकत्र पाहून २०१४ साली काढलेला निष्कर्ष असा की भरघोस सुधारणा पहिल्या चार ते सहा महिन्यांत होते; पूर्ण बरे व्हावयास मात्र दोन ते तीन वर्षे लागू शकतात, आणि शंभरात सुमारे ८३ जण त्या मुक्कामाला पोहोचतात. वेदना आधी जाते, शक्ती मागाहून येते, आणि बधिरपणा सर्वांत शेवटी निघतो. हा क्रम ठाऊक नसला की कळ गेल्यावरही अंगठ्यात उरलेल्या मुंग्या मनाला खात राहतात.

शिक्षकांनी या अवधीत घरातली काही व्यवस्था बदलली. उत्तरपत्रिका बैठ्या मेजावरून उतरत्या फळीवर आल्या, डोळ्यांच्या जवळ; मोबाइल मांडीवरून चेहऱ्यासमोर आला; अर्ध्या तासाने उठण्याचा नेम झाला. कूलर उशापासून पायथ्याशी गेला. खर्ऱ्याची पुडीही सुटली, कारण विडी-सिगारेटप्रमाणे त्यातही निकोटिन असते, आणि निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ज्या गादीला रक्त मुळातच दुरून मिळते, तिच्या वाटेत आणखी काटे कशाला?

चैत्रात लागलेले दुखणे श्रावणाच्या अखेरीस पोळ्यापर्यंत आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते आणि रोगराई, इडापीडा गावाबाहेर घेऊन जा, असे गाऱ्हाणे लोक तिला घालतात. शिक्षक त्या गर्दीत उभे असल्याचे समजावे. अंगठ्याच्या टोकाला अजून किंचित मुंग्या आहेत. पण हातात शक्ती आहे, रात्री झोप आहे, आणि मिरवणूक पाहण्यासाठी मान डावीकडे-उजवीकडे मोकळी फिरते आहे. शेजारी उभे असलेले मेहुणे म्हणतात, “बघा भाऊजी, मारबतीने नेली तुमची पीडा.” शिक्षक हसून मान डोलावतात. त्यांना ठाऊक आहे की ती पीडा नेणारे कोणी बाहेरून आले नव्हते. पाच महिने शरीर आपले काम आतल्या आत करीत होते. त्याच्या कामात व्यत्यय आणावयाचा नाही आणि त्याच्यावरचा पहाराही सोडावयाचा नाही, एवढेच त्यांनी केले.